नाल्यापल्याडची पडीत

रजत सरांना साधं शिकवता येत नव्हतं असं नाही. पण साध्या शिकवण्याचा फोटो चांगला येत नाही, ही त्यांची अडचण. बालाघाटच्या एका मोठ्या सरकारी शाळेत ते अकरावी-बारावीला भूगोल शिकवायचे, आणि नुसतं पुस्तक उघडून धडा वाचला तर वर भोपाळला काय पाठवायचं या चिंतेत असायचे. म्हणून त्यांच्या वर्गात सदा काहीतरी सुरू असे. कागदाच्या लगद्याचा सातपुडा, धानाच्या कोंड्याचं मैदान, प्लास्टिकच्या बाटलीचं पर्जन्यमापक. या सगळ्याला ते 'गतिविधी' म्हणत. मागच्या साली त्यांच्या वैनगंगेच्या खोऱ्याला जिल्ह्यात दुसरं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून त्यांना पहिल्याची भूक लागली. भुकेल्या मास्तरापासून पोरांनी चार हात लांब राहावं. पण पोरांना कुठे निवड असते?

यंदा बारावीला त्यांनी सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या गावाचा नाहीतर मोहल्ल्याचा नकाशा काढून आणा. पटवाऱ्याचा उतरवून नाही. पायी फिरा, दोरीनं मोजा, रस्ता, विहीर, हातपंप, देऊळ, दुकान, घर, सगळं जागच्या जागी बसवा. ज्याचा नकाशा सगळ्यांत चांगला, त्यावर पुढची मोठी गतिविधी होईल आणि तो प्रदर्शनात लागेल.

"और एक बात," सर म्हणाले, "नक्शा यानी सफाई. जो नक्शा भरा-भरा दिखे, वो नक्शा नहीं, खिचडी है."

हे वाक्य समीक्षानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. समीक्षा म्हणजे वर्गातली हुशार पोरगी. हात असा स्थिर की पट्टीशिवाय रेघ ओढावी. ती तिरोडीजवळच्या जामटोल्याची, आणि शाळेच्या वसतिगृहात राहायची. बाप नागपूरला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. आई सत्यभामा गावात चार घरी धुणीभांडी करून तिला शिकवत होती.

हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. अकरावीच्या पहिल्याच दिवशी रचनानं, म्हणजे बालाघाटातल्या औषधवाल्याच्या पोरीनं, तिला विचारलं होतं की तुझं घर कसं आहे. समीक्षा म्हणाली, स्टेशन रोडवर, दोन मजली, गुलाबी, समोर तुळस. तसं घर जामटोल्यात आहे, यात खोटं काही नाही. फक्त ते दुलीचंद बाबूंचं. बाबू मँगनीज खाणीच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेले, आणि सत्यभामा त्यांच्याकडे समीक्षा रांगत होती तेव्हापासून भांडी घासते. त्या घरात सकाळचं ऊन कोणत्या खिडकीतून येतं, जिन्याची कोणती पायरी तुटकी आहे, हे सगळं पोरीला पाठ. थाप मारायला तिला कष्ट पडले नाहीत. दीड वर्ष ती थाप खपली, आणि खपलेल्या थापेवर माणसाचा जीव जडतो.

खरं घर नाल्यापल्याड होतं. समीक्षाच्या आज्याच्या काळात भंडाऱ्याकडून खाणीत मजुरीला आलेली बौद्ध माणसं तिथं उतरली ती तिथलीच झाली. मातीच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, टिनाचं एक विहार, त्यावर पंचशील झेंडा, मधोमध एक हातपंप. जमीन सरकारी. पट्टा कोणाकडेच नाही. अर्ज दर निवडणुकीला भरून घेतले जातात आणि निवडणूक झाली की कुठं जातात ते देव जाणे.

दिवाळीच्या सुट्टीत मायलेकींनी गाव मोजलं. दोरीचं एक टोक समीक्षाकडे, दुसरं सत्यभामाकडे. बाईनं कामावर सुट्ट्या मारल्या, मालकिणींची बोलणी खाल्ली, आणि बाजारओळीतून पाटलिणीच्या थाटात दोरी ओढत फिरली. कोणी विचारलं तर सांगायची, "पोट्टीच्या कालेजाचं काम हाय. सरकारले नकाशा पाठोनं हाय." शाळेचं कॉलेज झालं, मास्तरचं सरकार झालं. आईच्या तोंडी एवढं तर व्हायचंच.

नाल्याशी आल्यावर समीक्षानं दोरी गुंडाळायला घेतली.

"आपल्याकडलं नाई मोजत?" सत्यभामानं विचारलं.

"थे त मले पाठच हाय न, माय. अंदाजानं टाकून देईन."

बाईला ते पटलं. आपलं घर मोजून कोण पाहतं?

आणि पोरीनं टाकलंही होतं, हे सांगितलं पाहिजे. शेवटच्या दिवशी तिनं नाल्यापल्याडची घरं पेन्सिलीनं काढली, एकाला एक चिकटलेली, वाकडीतिकडी, जशी होती तशी. मग कागद लांब धरून पाहिला. बाकी नकाशा कसा लखलखीत, आणि या कोपऱ्यात गिचमीड. सरांची खिचडी आठवली. पण खरं कारण खिचडी नव्हतं. खरं कारण असं की रचना बोट ठेवून विचारील, इथं कोण राहतं गं? समीक्षानं खोडरबर घेतला. कोपरा कोरा झाला, तिनं त्यात फिक्कट पिवळा रंग भरला आणि सुरेख अक्षरात लिहिलं: पडती भूमि. आपल्याकडे जिला पडीत म्हणतात ती. मग स्टेशन रोडवरचं गुलाबी घर गुलाबी रंगवलं.

नकाशा पहिला आला, हे सांगायला नकोच. सर म्हणाले, असा स्वच्छ नकाशा आपण पंधरा वर्षांत पाहिला नाही. स्वच्छच होता तो. झाडून काढला होता.

मग मोठी गतिविधी आली. तिचं नाव 'स्थान निवड'. सरांनी नकाशाच्या मोठ्या प्रती काढून आणल्या, पोरांचे गट केले आणि प्रश्न घातला: या गावाला कचरा टाकायला मोठा खड्डा, म्हणजे खंती, खणायची आहे, जागा भूगोलानं शोधा. प्रत्येक गटाला एक पारदर्शक कागद. पहिल्या गटानं घरांच्या आसपासची जागा लाल करायची, कारण वस्तीजवळ कचरा नको. दुसऱ्यानं विहिरी आणि हातपंपांची. तिसऱ्यानं रस्त्यापासून लांब पडणारी सगळी जागा, कारण तिथं ट्रॅक्टर जाणार कसा? चौथ्यानं जिकडून गावावर वारा येतो ती बाजू. मग चारही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. जिथं लाल नाही, ती जागा.

गतिविधी उत्तम होती, यात वाद नाही. पोरं दोन तास मान वर न करता कामाला लागली. समीक्षा घरांच्या गटात होती. लाल पेन्सिल तिच्याच हातात. बाजारओळ लाल झाली, पाटलांची आळी लाल झाली, स्टेशन रोड लाल झाला. पेन्सिल नाल्यापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली.

कागद काचेवर लागले. बाहेर दुपारचं ऊन. सगळं गाव लालेलाल, आणि खालच्या कोपऱ्यात एकच पिवळा तुकडा चमकत होता. रस्त्याला लागून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ना घर ना विहीर.

"वाह!" सर म्हणाले. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मग सरांनी समीक्षाकडे पाहिलं. "बेटा, ये पडती ही है ना? कुछ है तो नहीं वहाँ?"

शेजारी रचना उभी होती, तिच्या खांद्यावर हात टाकून.

"नहीं सर," समीक्षा म्हणाली. "खाली है."

तिला वाटलं, गतिविधीच तर आहे. काचेवरचा कागद. उद्या सर तो गुंडाळून कपाटावर टाकतील. अठरा वर्षांच्या पोरीला एवढं वाटलं म्हणून तिला फाशी द्यायची गरज नाही. पण हातपंपावर तिची माय त्याच वेळी पाण्याची गुंड भरत असेल, हे तिला दिसलं नाही असंही नाही.

डिसेंबरात प्रदर्शन झालं. रजत सरांनी फ्लेक्स लावला, दिवे लावले, चारही पारदर्शक कागद काचेच्या चौकटीत बसवले. ज्या गावाचा नकाशा त्या गावचा सरपंच पाहुणा, ही कल्पनाही त्यांचीच. म्हणून जामटोल्याचे सरपंच भोजराज पांढरं जॅकेट घालून आले. सत्यभामा तिरोडीहून पॅसेंजरनं आली, डब्यात वडाभात घेऊन, दुलीचंद बाबूंच्या बायकोची जुनी निळी साडी नेसून.

भोजराज नकाशासमोर खूप वेळ उभे राहिले. दोन वर्षांपासून वरून पंचायतीच्या मागं तगादा होता, कचऱ्याची जागा दाखवा म्हणून. बाजारातल्या कोंबड्यांची पिसं, मेलेली जनावरं, हॉटेलांची घाण, सगळं नदीच्या काठावर पडत होतं. जागा सुचवावी तर जमिनीचा मालक काठी घेऊन उभा. आणि इथं, बालाघाटातल्या हुशार पोरांनी शास्त्रशुद्ध उत्तर काढून चौकटीत लावलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. भोजराजांनी मोबाइल काढून फोटो घेतले. नाल्यापल्याड काय आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मतं मागायला ते तिथं दर पाच वर्षांनी जातात.

सत्यभामा पोरीजवळ आली. तिनं आधी नकाशाला हात जोडले, मग हळूच विचारलं, "समीक्षा, यात आपलं घर कोणतं व?"

रचना आणि दोन पोरी मागंच होत्या. हिंदी बोलणाऱ्या, पण 'घर' सगळ्यांना समजतं. समीक्षानं बोट उचललं आणि गुलाबी घरावर ठेवलं.

"हे."

सत्यभामानं वाकून पाहिलं. केवढं ठसठशीत घर काढलं होतं पोरीनं! समोर हिरवा ठिपकासुद्धा, तुळशीचा. बाईला नकाशा वाचता येत नव्हता. तिला वाटलं, पोरीनं मायेनं काढलं, म्हणून जरा मोठं काढलं. तिनं पदरानं आपलं बोट पुसलं, त्या घराला लावलं आणि ते बोट ओठांना टेकवलं.

"कौन है?" रचनानं विचारलं.

"गाँव से आई हैं," समीक्षा म्हणाली. खोटं नव्हतंच.

नकाशाला जिल्ह्यात पहिलं बक्षीस मिळालं. रजत सरांचा फोटो पेपरात आला, समीक्षाचा त्यांच्या कोपराशी अर्धा.

जानेवारीत आईचा फोन आला. पंचायतीनं नाल्यापल्याड खंती ठरवली म्हणून लोक म्हणून राह्यले, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव हाय. "तू ये," सत्यभामा म्हणाली. "तुह्या नकाशात आपलं घर हाय न? सांगून देऊ त्याइले."

 समीक्षा थेट स्टाफरूममध्ये गेली. सरांना म्हणाली, नकाशात चूक आहे, तिथं घरं आहेत, तुम्ही पंचायतीला कळवा.

रजत सर भोपाळच्या राज्यस्तरीय फेरीचा अर्ज भरत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किसके घर?"

इथं तिला एक शब्द बोलायचा होता. एकच. सर काही वाघ नव्हते.

"हैं कुछ लोगों के," ती म्हणाली.

"पट्टा है उनके पास?"

"नहीं."

"फिर तो नक्शा सही है, बेटा," सर हसले, आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पूरी क्लास के सामने तुमने कहा था, खाली है. अब भोपाल में मेरी नाक कटवाओगी?"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, बुंदी वाटली गेली, आणि त्याच मांडवात ग्रामसभा बसली. नाल्यापल्याडची बरीच माणसं ठेकेदारानं खाणीवर बोलावून घेतली होती, नेमकी त्याच दिवशी. उरलेल्या बाया आणि म्हातारे सगळ्यांत मागं बसले. समीक्षा त्यांच्यात नव्हती. ती खांबाशी उभी होती, ना मागं ना पुढं.

सचिवानं ठराव वाचला. भोजराजांनी फोटोवरून छापून घेतलेला भला मोठा नकाशा मांडवाच्या कनातीला टांगला होता.

सत्यभामा उठली.  "भोजराजभाऊ, थ्या जागेवर आमचे घरं हायत. लेकरं हायत. हातपंप हाय. तुमी आमाले कचऱ्यात काहून गाडता?"

"कोठी हायत घरं, बाई?" भोजराज शांतपणे म्हणाले. "रेकाड पाय. पटवाऱ्याकडं नाई. आता हा नवा नकाशा पाय. यातबी नाई. अन हा कोनं काढला? तुह्याच पोरीनं. बालाघाटात बक्षीस भेटलं याले."

"म्हणूनच सांगतो न!" बाईचे डोळे चमकले. जी गोष्ट तिच्या बाजूची होती तीच सरपंच बोलला होता. "दोरी मी धरलती. यात माह्यं घर हाय. मी पायलं हाय माह्या डोळ्यानं."

"दाखव मंग."

सत्यभामा सगळ्या सभेतून चालत पुढं गेली. साडी तीच निळी. तिनं नकाशा खालीवर पाहिला, आणि गुलाबी रंग दिसताच तिच्या जिवात जीव आला. तिनं त्यावर बोट ठेवलं. गच्च ठेवलं.

"हे पाहा. हे माह्यं घर."

एक क्षण कोणाला काही समजलं नाही. मग पहिल्या ओळीतून दुलीचंद बाबूच म्हणाले, "अरे, हे त माह्यं घर होय!"

मांडव फुटला. माणसं बुंदी सांडेपर्यंत हसली. "सत्यभामा, भांडे घासता घासता मालकीण झाली काय व?" "बाबू, आता भाडं द्या तिले!" बाबूंची बायकोसुद्धा पदरात तोंड घालून हसली, आणि सतरा वर्षं तिची ताटं सत्यभामाच्या हातची लख्ख होत आली आहेत. हसणाऱ्यांत वाईट कोणी नव्हतं. वाईट नसलेली माणसं हसतात तेव्हाच जास्त लागतं.

सत्यभामाचं बोट अजून तिथंच होतं. तिनं वळून खांबाकडे पाहिलं.

"समीक्षा, सांग न व. तुनंच त दाखोलतं."

सगळी सभा पोरीकडे वळली. आता दोनच वाक्यं शक्य होती. एक, मी खोटं दाखवलं, आमचं घर पिवळ्यात आहे. दुसरं तिच्या तोंडून निघालं.

"मायले नकाशा नाई समजत."

शब्दन् शब्द खरा. इतकं खरं आणि इतकं नीच वाक्य त्या मांडवात त्याआधी कोणी बोललं नव्हतं, आणि तिथं तर सगळे पुढारीच बोलत आलेले.

सत्यभामानं बोट काढून घेतलं.

"ऐकलं?" भोजराज म्हणाले. आवाजात राग नव्हता, समजूत होती. "पोरीनंच आपल्या मायचं घर नाई धरलं, त पंचायतीनं काहून धराव? बस खाली, बाई. हां, ज्याइले मंजूर हाय त्याइनं हात वर करा."

बुंदीनं चिकट झालेले हात वर गेले.

त्या संध्याकाळी सत्यभामा हातपंपावर गेली तेव्हा बायांनी आपापल्या गुंडा उचलल्या. शालिकराम, विहारात दिवा लावणारा म्हातारा, तेवढा बोलला. "पोरगी शिकोली, बरं केलं," तो म्हणाला. "आमी अडाण्याइनं स्वताले असं मिटोलं नसतं." एवढं बोलून तोही गेला.

घरी बाईनं भात वाढला. पोरीला वाटत होतं, आईनं मारावं, केस धरून ओढावं. सत्यभामानं एकच विचारलं.

"थे घर काहून दाखोलं?"

"रचना उभी होती."

"हौ," बाई म्हणाली. जणू तिला नकाशा आता समजला. त्यानंतर ती पोरीशी बोलली नाही. सकाळी समीक्षा गाडीला निघाली तेव्हा ती भांड्यांना गेलेली होती.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेआधी क्षेत्रभ्रमण असतं. एरवी सर पोरांना हट्टा गावची जुनी बावडी दाखवून आणत. यंदा त्यांनी बस काढली ती जामटोल्याला. आपल्या गतिविधीतून खरोखरची खंती झाली, हे भोपाळला दाखवण्यासारखं होतं. समीक्षानं तापाचं निमित्त सांगून पाहिलं. "तुम्हारे बिना कैसे?" सर म्हणाले.

जेसीबीनं खंती खणून झाली होती. काळी, मँगनीजच्या मातीची, आणि तळाशी पिसं, प्लास्टिक, एक कुत्रं. तिच्या पलीकडच्या काठावर, दगड फेकला तर लागेल इतक्या जवळ, घरं उभी होती. विहारावर झेंडा हलत होता. हातपंपाच्या ओट्यावर माश्या घोंघावत होत्या.

पोरांनी नाकाला रुमाल लावले. सर थबकले. त्यांनी घरांकडे पाहिलं, हातातल्या नकाशाकडे पाहिलं, मग भोजराजांकडे.

"ये?"

"अतिक्रमण," भोजराज म्हणाले.

"अच्छा." सरांच्या कपाळावरची आठी गेली. ते पोरांकडे वळले. "लिखो. नाले के पार अतिक्रमण. नक्शे में अतिक्रमण नहीं दिखाया जाता."

सगळ्यांनी लिहिलं. समीक्षानंही लिहिलं. अक्षर तिचं नेहमीसारखंच सुरेख आलं. दारादारांत माणसं उभी होती, शालिकराम होता, लहानपणी तिला कडेवर घेतलेल्या बाया होत्या. कोणीतरी आता हाक मारील अशी तिला भीती होती. कोणी मारली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि दारं लावून घेतली.

बस परत निघाली ती स्टेशन रोडवरून. रचना खिडकीशी बसली होती. एकदम ओरडली, "अरे, ये तो तेरा घर है! गुलाबी! तुलसी! सर, रोकिए ना, समीक्षा के यहाँ पानी पिएंगे."

सरांनी बस थांबवली. समीक्षा काही बोलायच्या आत पोरी उतरल्यासुद्धा.

दुलीचंद बाबू आणि बाई लग्नाला नागपूरला गेले होते. किल्ली सत्यभामाकडे. ती अंगणातल्या नळाशी बसून राखेनं पातेली घासत होती. फाटक वाजलं तशी तिनं मान वर केली. चार शहरी पोरी, आणि त्यांच्या मागं, पांढरीफटक, तिची पोरगी.

"घर में कोई नहीं क्या?" रचनानं समीक्षाला विचारलं.

समीक्षा तुळशीकडे पाहत राहिली. सत्यभामानं तिच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ती उठली, राखेचे हात धुतले, पदराला पुसले.

"बाबू अन बाई लग्नाले गेले," ती म्हणाली, आणि ओसरीवरच्या खुर्च्या पुसून पुढं केल्या. "बसा पोरीहो." आत जाऊन ती ताटात तांब्या आणि पेले घेऊन आली, एकेकीला पाणी दिलं, आणि शेवटी समीक्षासमोर उभी राहिली. ताट पुढं धरलं. डोळे खाली.

"ताई, पाणी घ्या."

पेला घेताना समीक्षाच्या हातून अर्धं पाणी सांडलं. सत्यभामानं लगेच वाकून फडक्यानं पुसलं. समीक्षा उरलेलं पाणी प्याली, सगळं, तळापर्यंत.

बसकडे जाताना रचना म्हणाली, "प्रदर्शनी में भी तो यही आई थीं ना? तुम्हारी कामवाली कितनी अच्छी है यार. कब से है?"

समीक्षानं वळून पाहिलं नाही. मागं नळाशी पातेलं पुन्हा दगडावर घासलं जाऊ लागलं होतं.

"बचपन से," ती म्हणाली.